ऑर्व्हिल टॅकेट यांना कोणी परत बोलावलं नाही

मॉरिसव्हिल, नॉर्थ कॅरोलिना
दिवाळीनंतरचा मंगळवार, १९८६

तीर्थस्वरूप चारुदत्तमामांस,

प्रतापचा साष्टांग नमस्कार (कागदावरच, परवा ॲम्प्लिफायर उचलल्यापासून कंबर वाकत नाही). तुमचा गुडघा कसा आहे? मामींची साखर? सांगलीत थंडी पडली असेल तर सकाळी फिरायला जाताना कानटोपी घालत जा. घालतो म्हणून सांगायचं आणि कोपऱ्यावर गेल्यावर खिशात टाकायची, असं करू नका. तुमच्या ऑर्गनवर अजून ती सोलापुरी चादर, आणि चादरीवर मामींची लोणच्याची बरणी आहे ना? सहज विचारलं. इकडे आम्ही मजेत. रेखाचं ब्लडप्रेशर मध्यंतरी चढलं होतं, पण ते माझ्यामुळे, म्हणून डॉक्टरकडे जावं लागलं नाही. दीपा आता मराठीत विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला इंग्रजीत उत्तर देते, म्हणजे अभ्यास चांगला चाललाय असं समजायचं.

पत्र लिहायला बसलो याचं कारण असं, की शुक्रवारी मी एक माणूस पाहिला, आणि तेव्हापासून माझं ऑफिसात लक्ष लागत नाही. रेखाला सांगून झालं, शेजाऱ्यांना सांगून झालं. पण तुम्ही उभं आयुष्य संगीत नाटक मंडळीबरोबर ऑर्गन ट्रकवर टाकून गावोगाव हिंडलात, तेव्हा हे खरं कळणार ते तुम्हालाच.

झालं असं, की आमच्या मंडळाच्या दिवाळीला पुण्याच्या एक नामवंत गायिका यायच्या होत्या. दौऱ्यात वाटेत कुणीतरी त्यांना प्रेमाने आइस्क्रीम खाऊ घातलं आणि शुक्रवारी सकाळी फोन आला की घसा बसला, कार्यक्रम रद्द. मी मंडळाचा सांस्कृतिक सचिव (हे पद निवडून येऊन मिळत नाही; ज्या मीटिंगला आपण गैरहजर असतो त्या मीटिंगमध्ये मिळतं). शाळेचं सभागृह घेतलेलं, श्रीखंडासाठी चक्का चार घरांत टांगलेला, आणि स्टेजवर बसायला माणूस नाही. अशा अवस्थेत मी माझी गाडी आणायला गॅरेजात गेलो. तिथे जुन्या टायरांच्या चळतीवर बसून एक उंच, वाळलेला, साठीकडे झुकलेला गृहस्थ गिटार वाजवत होता. विजेबिजेशिवाय, अगदी स्वतःपुरती. बायका शेंगा सोलता सोलता गुणगुणतात ना, तशी. मामा, मी किल्ली हातात घेऊन तसाच उभा राहिलो. मेकॅनिक दोनदा विचारून गेला की अजून काही हवंय का.

हे ऑर्व्हिल टॅकेट. यांचा बँड म्हणजे हे स्वतः, बेस गिटार वाजवणारा अर्ल, आणि ड्रमवाला टायनी (टायनी म्हणजे चिमुकला, हा माणूस दारातून आडवा होऊन आत येतो). बँडचं नाव ‘स्पेअर टायर्स’. संगीताला इथे ब्लूज-रॉक म्हणतात, म्हणजे दुःख अमेरिकनच, पण आवाज चौपट. त्यांच्या व्हॅनचा गिअरबॉक्स रस्त्यातच गेला होता, सुटा भाग सोमवारी येणार होता आणि शनिवारचा त्यांचा कार्यक्रम बुडाला होता. मी धीर करून विचारलं. ऑर्व्हिल म्हणाले, विजेचं बटण आहे का तिथे? मी म्हटलं, आहे. मग येतो म्हणाले. बस्स, एवढीच बोलणी. (आपल्या गायिकेशी माझी चार महिने पत्रापत्री चालली होती, त्यात निम्मी पत्रं गरम पाण्याबद्दल.)

मंडळाचे अध्यक्ष डॉक्टर पुरुषोत्तमकाका. हृदयरोगतज्ज्ञ आहेत, पण त्यांचं स्वतःचं हृदय संगीत नाटकांबरोबर मागेच राहिलेलं. त्यांना मी फोनवर सांगितलं की लोकसंगीताचे एक ज्येष्ठ कलावंत मिळालेत. त्यांनी विचारलं, घराणं कोणतं? मी म्हटलं, मिसिसिपीकाठचं. काका म्हणाले, कापूस घेऊन येतो.

शुक्रवारी संध्याकाळी तिघांना घरी जेवायला आणलं. रेखाचं ब्लडप्रेशर चढलं ते या प्रसंगी, पण टायनीने डबाभर चकली संपवून डोळ्यांत पाणी आणलं तेव्हा उतरलं. ऑर्व्हिल दीपाशी पत्ते खेळत होते आणि टायनी मला स्वयंपाकघरात त्यांची हकीकत सांगत होता. मामा, काय सांगू! सोळाव्या वर्षी कापसाच्या शेतातून गिटार पाठीला लावून जो निघाला तो माणूस अजून घरी पोचलेला नाही. घर म्हणजे बहिणीच्या कपाटातला एक थंडीचा कोट. व्हॅनच्या मीटरचे आकडे फिरून फिरून पुन्हा शून्यावर आलेत. ट्रॅक्टरच्या दुकानात वाजवलंय, फेरीबोटीवर वाजवलंय, तुरुंगात वाजवलंय (ते म्हणतात तिथला श्रोता उत्तम, मध्येच उठून जात नाही). एका लग्नात नवरा मुलगा आलाच नाही, तर वऱ्हाड निघून गेल्यावरही हा गडी नवरी हसेपर्यंत वाजवत राहिला. दोन रेकॉर्डी निघाल्या, त्या काढणारी कंपनी बुडाली. आयुष्यात एकदाच गाणं रेडिओवर लागलं, तेव्हा व्हॅनचा रेडिओ बंद होता. मी ऐकत होतो आणि माझ्या डोळ्यांपुढे सारखा तुमचा ट्रक येत होता, पडदे, पेट्या आणि वर दोरीने बांधलेला ऑर्गन.

मग टायनीने आवाज खाली आणून एक गोष्ट सांगितली. ऑर्व्हिलनी फार पूर्वी शपथ घातलीय स्वतःला. ज्या दिवशी लोक परत बोलावणार नाहीत, पुन्हा वाजव म्हणून मागणार नाहीत, त्या दिवशी गिटार पेटीत, व्हॅन बहिणीच्या अंगणात, आणि बँड संपला. आजवर एकदाही तशी वेळ आलेली नाही. पण हल्ली श्रोते कमी येतात आणि ऑर्व्हिल तो दिवस शोधतच असल्यासारखे वागतात, असं तो म्हणाला. तो आणि अर्ल यांना दुसरं काही येत नाही. मी त्याच्या पाठीवर थोपटलं (हात पुरला तेवढ्या भागावर) आणि म्हटलं, काळजी सोड. मराठी माणूस एक वेळ वर्गणी चुकवेल, पण वन्स मोअर द्यायला चुकणार नाही.

शनिवारी दुपारी सभागृह भरलं. दीपप्रज्वलन झालं, मुलांचं गणेशवंदन झालं, आणि पुरुषोत्तमकाकांच्या हस्ते ऑर्व्हिलना शाल आणि नारळ दिला. त्यांनी शाल खांद्यावर घेतली ती अखेरपर्यंत काढली नाही. नारळ टायनीने कानाशी हलवून पाहिला आणि ड्रमजवळ मानाने ठेवला. पहिल्याच ठोक्याला छताची धूळ खाली आली. मंडळातल्या शरयूमावशी पदर कानांवर घेऊन बसल्या. काका पहिल्या रांगेत, दोन्ही कानांत कापूस, चेहरा ऑपरेशन थिएटरमधला. मी विंगेत देवाचं नाव घेत होतो.

चौथं की पाचवं गाणं संथ होतं. गाडी निघून गेलीय आणि माणूस पिशवी घेऊन फलाटावर उभा आहे, एवढीच कथा. काकांची बोटं मांडीवर हलायला लागली. ब्लूजचं आवर्तन बारा घरांचं, आणि पहिल्या घरावर सम. बारा घरं मोजायची आणि पहिल्यावर यायचं, पुन्हा बारा, पुन्हा पहिल्यावर. ऑर्व्हिल कुठे कुठे भटकून येत होते, वाटायचं की आता चुकला, आणि नेमके पहिल्या घरात पाय ठेवत होते. काकांनी एका कानातला कापूस काढला. पुढच्या फेरीला दुसऱ्यातला. गाणं संपलं तसे ते उठून उभे राहिले आणि ओरडले, ‘वन्स मोअर!’

ऑर्व्हिल बुचकळ्यात पडले. अर्ध्या कार्यक्रमात? आत्ताचंच? मी विंगेतून हातवारे केले, हो हो, तेच, सगळं, पहिल्यापासून. त्यांनी मान हलवली आणि तेच गाणं पुन्हा घेतलं. मामा, तेच गाणं, पण माणूस दुसराच! पहिल्यांदा फलाटावर राग होता, आता नुसती थंडी होती. काका पुन्हा उठले. तिसऱ्या वेळी ऑर्व्हिलनी गिटार जवळजवळ थांबवली आणि ते गाऊ लागले, आणि आमच्यातल्या प्रत्येकाला आपापला विमानतळ दिसला. मलाही दिसला. आई खांबाआड उभी होती तो. शरयूमावशींचा पदर कानांवरून डोळ्यांवर आला होता. तुम्ही सांगायचात ना, वन्स मोअर म्हणजे तेच पुन्हा नव्हे, तेच आणखी खोल? मागणाऱ्याने मिळेपर्यंत मागायचं आणि देणाऱ्याने मागताहेत तोवर उठायचं नाही, हा तुमचा नियम? तो मी इतकी वर्षं पाठ म्हणत आलो आणि मला समजला तो शनिवारी, परक्या माणसाकडून.

त्यामुळे मी निर्धास्त. टायनीची शपथेची गोष्ट माझ्या लेखी मिटली होती. परत मागून झालं होतं, तेही दोनदा! शेवटचं गाणं दणक्यात झालं. ऑर्व्हिल कमरेत वाकले आणि आत गेले. आणि मी, सांस्कृतिक सचिव, माईककडे धावलो. चंदेरी ओल्डस्मोबिलचे दिवे चालू राहिलेत ते सांगितलं, गरम पुऱ्या सुरू झाल्यात ते सांगितलं, आणि मंडळाच्या उल्हासला आभारप्रदर्शनाला बोलावलं. उल्हासने शाळेच्या वायरमनपासून चक्का टांगणाऱ्या भगिनींपर्यंत कुणाला सोडलं नाही. आभारप्रदर्शनानंतर टाळ्या कोण वाजवतं? पुऱ्यांचा वास आला होता. सगळं सभागृह शिस्तीत उठून रांगेत लागलं.

मी बँडला जेवायला बोलवायला मागच्या खोलीत गेलो. लहान मुलांच्या बुटक्या खुर्चीवर ऑर्व्हिल बसले होते, गुडघे छातीशी आलेले. गिटार पेटीत, पेटीची कडी लावलेली. शाल घडी करून मांडीवर. टायनी टॉवेलात तोंड घालून रडत होता. ऑर्व्हिल अगदी शांतपणे म्हणाले की माणसं सभ्य होती, शेवट व्हायला जागा वाईट नाही. आधी मला उमगेना, मग टायनीने सांगितलेली शपथ आठवली. इथे रीत अशी, की गाणारा जातो ते जायचं म्हणून नव्हेच. तो विंगेत थांबतो, लोक आरडाओरडा करतात, मग तो येतो. हे मला दीपाने नंतर समजावलं (‘डॅड, यू हॅव टु येल टिल ही कम्स बॅक. एव्हरीबडी नोज दॅट!’). तीस-चाळीस वर्षं जे दारूच्या गुत्त्यांना आणि तुरुंगांना जमलं नाही ते आमच्या मंडळाने आभारप्रदर्शन करून दाखवलं होतं.

मी जेवणघरात धावत गेलो आणि ओरडलो की सगळे परत चला, टाळ्या वाजवा, एका माणसाचं आयुष्य पणाला लागलंय. रांग जागची हलली नाही. मागच्यांना वाटलं, पुढे जायची ही माझी युक्ती आहे. शेवटी मी रांगेच्या तोंडाशी असलेल्या पुरुषोत्तमकाकांचे पाय धरले (तिथेच कंबर पुन्हा गेली) आणि सगळं सांगितलं. काका भडकले. म्हणाले, समारोप झाल्यावर मागायचं म्हणजे कलावंताने दिलं ते पुरलं नाही असं म्हणायचं! ताट हातात घेऊन, वर दोन पुऱ्या आणि श्रीखंड, तसेच ते ताडताड मागच्या खोलीत गेले. मी मागून लंगडत.

‘मिस्टर टॅकेट,’ काका म्हणाले, ‘व्हाय शुड आय कॉल यू बॅक? व्हेअर आर यू गोइंग?’ आणि ताट त्यांच्या मांडीवर, शालीवर ठेवलं. ‘फर्स्ट यू ईट. देन वी सिट.’

ऑर्व्हिलनी काकांकडे पाहिलं. मग पुरीकडे. मग ते हसायला लागले आणि हसता हसता त्यांनी चेहरा शालीत लपवला. आमच्याकडे गवयाचं जेवण झालं की खरं गाणं सुरू होतं, हे मी त्यांना समजावत होतो, पण काकांनी मला पापड आणायला पिटाळलं.

जेवणं झाल्यावर खुर्च्या बाजूला सारून लोक जमिनीवर बसले. माईक नाही, वीज नाही. टायनी उलट्या पातेल्यावर नुसत्या बोटांनी ठेका धरून. ऑर्व्हिल मध्ये मांडी घालून (उठवायला मग दोघे लागले) गात राहिले आणि मुलंसुद्धा गप्प होती. मामा, मी देवळात इतका शांत कधी बसलो नाही. त्यांची बोटं मी वीतभर अंतरावरून पाहिली. टोकं खलबत्त्याच्या तळासारखी, कडक आणि गुळगुळीत. एवढं झिजून माणूस एवढा मऊ कसा राहतो?

ती माणसं काल गेली. नारळ व्हॅनच्या काचेपाशी बांधलाय, रस्त्यात पुढे असतो. निघताना ऑर्व्हिलनी विचारलं की ही वन्स मोअरची भानगड तुला कोणी शिकवली. मी तुमच्याबद्दल सांगितलं. ट्रक, मंडळी, इचलकरंजीचा शेवटचा प्रयोग, पडदा पडल्यावर लोक एसटी गाठायला गेले आणि तुम्ही एकट्याने ऑर्गनवर चादर घातली ते. ते म्हणाले, मग त्याला परत कोणी बोलावलं?

मामींना नमस्कार. कानटोपी घाला.

तुमचा,
प्रताप

ता. क. गुढीपाडव्याला आमचं मंडळ संगीत नाटक बसवतंय. ऑर्गन आहे. इथल्या एका चर्चने विजेचा घेतला आणि पायभात्याचा जुना काढून टाकला, तो रविवारी टायनीने एकट्याने उचलून माझ्या गॅरेजात आणून ठेवला. भाता धड आहे, दोन सूर रुसलेत. वाजवणारा नाही. व्हिसासाठीचं निमंत्रणपत्र सोबत जोडलंय. तुम्ही वाचता वाचता इथे थांबाल आणि चष्मा काढाल, म्हणून आधी बाकीचं सगळं लिहिलं.

आणखी एक ता. क. रेखा म्हणते, गाडी पावसात उभी राहते, तेव्हा मामांनी लवकर यावं. येताना गोडा मसाला आणावा. लोणच्याची बरणी ऑर्गनवरून उतरवताना मामींना विचारावं.

शेवटचं. इचलकरंजीला त्या दिवशी मी नव्हतो, म्हणून उशिरा म्हणतो. मामा, वन्स मोअर. नाही म्हणालात तर हेच पत्र पुन्हा पाठवीन, पहिल्यापासून, सगळं. नियम तुमचाच आहे.