पान विसावरचा वैमानिक

२ मे, सकाळी ६.१०
आजपासून इंग्रजी. वजनकाट्यांच्या आमच्या कारखान्यात परदेशी पत्रव्यवहार अधिकाऱ्याची जागा निघाली आहे. मुलाखत २८ जूनला, इंग्रजीतून. जागेबरोबर तीन खोल्यांचं क्वार्टर. सध्या दीड खोलीत आम्ही तिघं. कन्या दहावीचा अभ्यास ओट्याशेजारी, फोडणीच्या धुरात करते. तिला सांगून टाकलं, एक खोली तुझी.
साधन : महायुद्धावरची इंग्रजी ऐतिहासिक कादंबरी. हेर, वैमानिक, भरपूर शब्द. पानं ४१२. रोज आठ पानं, बावन्न दिवस. वर पाच दिवस उजळणीला.

३ मे
वाचक चुकतो कुठे? तो गोष्टीच्या नादी लागतो. पुढे काय झालं या हव्यासापायी अनोळखी शब्द तुडवत जातो. म्हणून पुस्तकाची शिवण उसवून वीस-वीस पानांचे एकवीस गठ्ठे केले. पहिला माझ्याकडे, बाकीचे सौ.च्या ताब्यात. परीक्षेत ऐंशी टक्के मिळाल्याशिवाय पुढचा गठ्ठा नाही. सौ. हॉस्पिटलात नर्स आहे. म्हणाली, आमच्या सर्जनलासुद्धा फाडायचा इतका उत्साह नसतो.

९ मे
प्रत्येक शब्दाचं कार्ड : अर्थ, व्युत्पत्ती, समानार्थी, विरुद्धार्थी, दहा वाक्यं. पान चौथं. ‘पॅराशूट’ला विरुद्धार्थी शब्द सापडला नाही. शब्दकोश सदोष आहे.

१४ मे
आमचा स्टोअरकीपरही अर्ज करतोय. दया आली. जेवणाच्या सुट्टीत त्याला संपूर्ण पद्धत फळ्यावर आकृती काढून समजावली. चाळीस मिनिटं. तो म्हणाला, साहेब, मला विमान उडवायचं नाही, काटे उशिरा का पोचले ते लिहायचंय. आणि परदेशी पत्रांची जुनी फाइल घेऊन बसला. दृष्टी नसली की असं होतं.

३० मे
पहिला गठ्ठा संपला. परीक्षा. पेपर मीच काढला. पन्नासपैकी १९. प्रश्न अवाजवी कठीण होते. पेपर काढणाऱ्याने विद्यार्थ्याचा विचारच केलेला नाही.

२ जून
सौ.च्या उशीखाली गठ्ठा क्रमांक नऊ! कन्येच्या भूगोलाच्या पुस्तकात क्रमांक चौदा! दोघी भाजी निवडताना हळहळत होत्या, की त्याने त्या बाईवर विश्वास ठेवायलाच नको होता. मी कानांवर हात ठेवून गॅलरीत गेलो.

६ जून
अर्ज भरला. ‘सध्याचं वाचन’ या रकान्यात कादंबरीचं नाव लिहून पुढे ‘सखोल’ असं जोडलं. खोटं नाही. माझ्याइतकं खोल कोणीच गेलं नसेल.

१३ जून
फेरपरीक्षा. ३१. सौ. म्हणाली, घ्या हो पुढचा गठ्ठा, कोण बघतंय? मी बघतोय, असं म्हणालो. तत्त्व म्हणजे तत्त्व. वैमानिक विमानाच्या शिडीवर एक पाय ठेवून उभा आहे. राहू दे. कार्डं ३४०.

२७ जून
संध्याकाळी सौ. म्हणाली, निदान शेवट ऐकून ठेवा, पाच मिनिटांत सांगते. कन्या म्हणाली, बाबा, प्लीज, ऐका ना एकदा. आयता शेवट ऐकणं म्हणजे कॉपी, हे मी दोघींना मुद्देसूद पटवलं. सव्वा तास लागला. शेवटी कन्या उठून भांडी घासायला गेली. म्हणजे पटलं.

२८ जून
मुलाखत झाली. तिघंजण होते. मधल्या बाईंनी अर्ज पाहिला आणि त्यांचा चेहरा फुलला. त्यांनी ती कादंबरी दोनदा वाचली होती! वैमानिकाने शेवटी केलं ते योग्य वाटतं का, असं विचारलं. मी म्हणालो, मॅडम, अजून विमान सुरू व्हायचं आहे. त्या मनापासून हसल्या. माझा उत्साह वाढला. मग कादंबरीतल्या हेर बाईविषयी मत विचारलं. माझ्या वीस पानांत बाईच नाही. उत्तर दिलं, की लेखकाने स्त्री-पात्रं जाणीवपूर्वक टाळली आहेत. मॅडमनी अर्ज बाजूला ठेवला. मग कळलं, की पहिल्या ओळीपासून ‘मी’ म्हणून सगळी कथा ती बाईच सांगते. ‘मी’चं कार्ड केलं नव्हतं, शब्द सोपा वाटला.
एकंदरीत मुलाखत उत्तम. इंग्रजीत एकही चूक नाही.

५ जुलै
निकाल : स्टोअरकीपर. त्याला विचारलं होतं म्हणे, माल उशिरा पोचला तर गिऱ्हाइकाला काय लिहाल. निव्वळ योगायोग.
घरी सांगितलं. सौ. म्हणाली, असू दे, जेवून घ्या. कन्येने ओट्याशेजारी पाट सरकवला आणि पुस्तक उघडलं.

१८ जुलै
स्टोअरकीपरने क्वार्टर बघायला बोलावलं, म्हणून तिघं गेलो. त्याला सामान लावण्याची शास्त्रशुद्ध पद्धत सांगत होतो. त्याने ऐकूनही घेतली. माणूस चांगला आहे.
कन्या मागच्या लहान खोलीत गेली होती. तिने आतून दार लावलं, उघडलं, पुन्हा लावलं. ती बाहेर आल्यावर स्टोअरकीपरची बायको तिला म्हणाली, आवडली का गं? आम्हाला दोनच खोल्या पुरतात. इथे आम्ही अडगळ टाकणार आहोत.
कन्या म्हणाली, छान आहे, काकू.