फोडायचं म्हणजे वाजवायचं

३ फेब्रुवारी, सकाळी ६.१०
आजवर स्वतःच्या हातांनी केलेल्या वस्तू: मोटर वाइंडिंगचं मशीन, काउंटरसकट. टाकी भरली की वाजणारा भोंगा. भरायच्या आधीही वाजतो, पण सावध असलेलं बरं. डबल बेड. करकरतो, तो लाकडाचा दोष. सासूबाईंची काठी, उंची कमी-जास्त होणारी. त्या पडल्या तेव्हा ती कमी होत होती. आणि 'भविष्यनाद'.

कुणी शिकवलं नाही. शिक्षण नववी, तेही दोनदा.

वडिलांच्या एका जुन्या मासिकात लेख होता: सन दोन हजारमध्ये माणूस वाद्य वाजवणार नाही, घरोघरी एक यंत्र असेल आणि ते मालकाचं मन ओळखून संगीत करील. दोन हजार येऊन गेलं. यंत्र कुणी केलं नाही. मी केलं. अकरा वर्षं लागली. वॉशिंग मशीनची मोटर, सात लोखंडी हात, प्रत्येकात हातोडा. समोर कापलेला सिलिंडर, ट्रकचा पाटा, तीन जाडीचे पत्रे. तांब्याच्या दोन मुठी धरायच्या. तळहाताच्या घामावरून मन ओळखतं. शांत माणसाला टक्… टक्. रागावलेल्याला धडाधड.

संकल्प: या महिन्यात कुणावरही आवाज चढवायचा नाही.

५ फेब्रुवारी
चाचणी. मी अत्यंत शांत होतो. ही दारात येऊन म्हणाली, मागची खोली कधी रिकामी होणार, माझं शिवणाचं मशीन चार वर्षं पलंगाखाली आहे. मी मुठी न सोडता शांतपणे सांगितलं की लवकरच. मशीन एकदम फुल स्पीडला. चौथा हात निखळला आणि कपाटाच्या आरशातून आरपार.

दोष: तांब्यावर मळ. घासून पुसलं.

ही भविष्यनादला सवत म्हणते. म्हणाली, खऱ्या सवतीला निदान हात दोनच असते.

८ फेब्रुवारी
खालच्या मजल्यावरचे ड्रिल मास्तर वर आले. निवृत्त, पण मनगट अजून सेवेत. छताचा पोपडा त्यांच्या चहात पडला म्हणे. मी समजावलं की गोंगाट हेच उद्याचं संगीत आहे, सूर वगैरे कालबाह्य. ते म्हणाले, मग माझं घोरणंही रेकॉर्ड करून घ्या. कॉलर धरली, दोन बटणं गेली. मी संयम राखला. फक्त डोकं पुढे केलं, ते त्यांच्या नाकावर लागलं. रक्त अर्धा रुमाल. रुमाल माझा.

आवाज चढवला नाही. संकल्प शाबूत.

१२ फेब्रुवारी, दुपारी
अखेर जगाला कळलं. मेव्हण्याने मशीनचा व्हिडिओ कुठेतरी टाकला होता, तो पाहून एका टकल्याचा व्हिडिओ कॉल आला. ही काळे कपडे घालणारी मंडळी. एका बंद पडलेल्या गोदामात जमतात आणि फक्त गोंगाट ऐकतात. माझ्यासारखेच, फक्त शिकलेले.

टकल्या म्हणाला, काका, शेवटी फोडायचं हं, पब्लिक त्यासाठीच येतं. मला तरुणांची भाषा कळते. फोडणे म्हणजे जबरदस्त वाजवणे. मी म्हणालो, शेवटी कशाला, पहिल्या मिनिटापासून फोडतो. तो घाबरून म्हणाला, नको नको, मग बाकीचा वेळ काय करायचं? किती नम्र. विचारत होता की मदतीला चार जण देऊ का. मी म्हणालो, अकरा वर्षं एकटाच आहे. तरी म्हणाला, हातोडे आमच्याकडून. माझ्याकडे सात आहेत, पण स्पेअर असलेले बरे.

१५ फेब्रुवारी
टकल्याने फॉर्म पाठवला. 'कार्यक्रमानंतर उरलेलं साहित्य उचलण्याची जबाबदारी कलाकाराची.' साहजिक आहे. एवढं मौल्यवान मशीन तिथे कोण ठेवील? सही केली. 'कलाकार' या शब्दाखाली पेन्सिलीने हलकी रेघ ओढली.

हिला फॉर्म वाचायला दिला. तिने दोनदा वाचला आणि म्हणाली, अहो, ते खरंच फोडणार नाहीत ना? मी हसलो. हिची भाषा जुनी.

१७ फेब्रुवारी
मशीन टेम्पोत चढवलं. मेव्हण्याच्या हातून पाटा सुटला की माझ्या, यावर मतभेद. त्याच्या भुवईवर तीन टाके. मी त्याला सांगितलं की लोखंड कामाच्या माणसाला लागत नाही. त्याने कामाचा माणूस म्हणून मला एक ठोसा दिला. लागला. ही मध्ये पडली आणि भावाच्या बाजूने बोलली.

हिची अट: कार्यक्रमानंतर सवत मागच्या खोलीत परत येता कामा नये. मी म्हणालो, अगं, एकदा वाजलं की संग्रहालयवाले न्यायला येतील.

संकल्प: स्टेजवर श्वास खोल. टक्… टक्.

२२ फेब्रुवारी, सकाळी
कार्यक्रम आज संध्याकाळी सहाला. गोदामात जाऊन, दोन तास लावून प्रत्येक नट आवळला. ही येते म्हणाली. अभिमान वाटत असणार.

२३ फेब्रुवारी
उजव्या हाताला बँडेज. डाव्याने लिहितोय, त्यामुळे अक्षर असं. घटना क्रमाने.

गोदाम भरलेलं. ही पहिल्या रांगेत, मांडीवर पर्स. मी मुठी धरल्या. टक्… टक्. इतकी शांतता त्या मशीनने आयुष्यात दाखवली नव्हती. एकोणीस मिनिटं. मागून कुणी तरी ओरडलं, काका, झोपलात का? तेव्हा थोडा वेग वाढला.

मग टकल्या आणि चौघे घण घेऊन स्टेजवर आले. मला वाटलं स्पेअर हातोडे. आकार जास्त आहे हे लक्षात आलं, इतक्यात पहिला घण सिलिंडरवर पडला. मी विचारलं, हे काय? टकल्या म्हणाला, फोडायचं ना, तुम्हीच हो म्हणालात. मी म्हणालो, अरे वाजवायचं, आणि मला इथे नमूद करायला हवं की आवाज चढला. पण मुठी सोडल्या नाहीत. माझ्या मनात जे होतं ते मशीनने अकरा वर्षांत पहिल्यांदा बिनचूक ओळखलं. सातही हात एकदम. एकाचा दात गेला. दुसऱ्याचं मनगट. मी मोकळ्या पायाने टकल्याच्या गुडघ्यावर लाथ मारली, त्याने माझ्या बरगडीत कोपर. पब्लिक बेभान. पत्रा फाटला आणि माझा उजवा हात कापला. चौथा हात निखळून माझ्या कानाशी गरगर फिरू लागला. ही ओरडत होती, अहो सोडा, हात सोडा. मी सोडणार नव्हतो. माझं होतं ते.

ती पर्स खुर्चीवर ठेवून वर आली आणि एकाच्या हातातला घण काढून घेतला. पहिल्याच घावात मोटर थांबली. माझं डोकं वाचलं ते त्यामुळे, हे मान्य.

त्यानंतर तिने आणखी दहा घातले. गोदामात तोवर कुणीच ओरडत नव्हतं. मी मोजले, कारण दुसरं काही सुचलं नाही.

घण खाली ठेवून तिने पदराने कपाळ पुसलं आणि मला म्हणाली, चला, हात धुऊन बांधू.  टॅक्सीत कानात शिट्टी वाजत होती.

२६ फेब्रुवारी, सकाळी ११
मागच्या खोलीत शिवणाचं मशीन लागलं. आवाज एकसुरी. त्यात भविष्य काही नाही.

टकल्या लंगडत घरी आला. मला वाटलं माफी मागायला. तो आत जाऊन हिच्याशी अर्धा तास बोलला, काकू, फोडलंत तुम्ही, असं चार वेळा म्हणाला. दर महिन्याला एक कार्यक्रम, तिला बारा हजार, शिवाय टॅक्सी. ती म्हणाली, घण जरा हलका मिळेल का? मिळेल म्हणाला.

मग माझ्याकडे वळला. मी स्पष्ट नकार दिला, कारागीर मोडण्यासाठी घडवत नाही. नोंद राहावी म्हणून त्याचा प्रस्ताव लिहून ठेवतो: दर महिन्याला काकूंसाठी एक मशीन. दिसायला भक्कम, पण जोड कच्चे. वाजलं नाही तरी चालेल. भंगार ते पुरवणार, मजुरी आठशे.