भोंगेबाईंची निरवानिरव

मी, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, कारखान्यातून निवृत्त, सगळ्यांना 'भोंगेबाई' म्हणून ठाऊक असलेली, हे स्वखुशीने व स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरीणबाईंनी कालच दिला. येत्या गुरुवारी मी लग्न करणार आहे हे ऐकल्यावर त्यांनी रक्तदाब पुन्हा तपासला. तोही ठीक निघाला.

कलम पहिले. राहते घर माझ्या पश्चात माझे होणारे पती माळीबुवा यांनी हयातभर वापरावे, नंतर ते माझ्या मुलीचे. मुलगी म्हणाली, "आई, या वयात?" मी म्हटले, "मग कोणत्या? आधीची सगळी वापरून झाली."

कलम दुसरे. बँकेतली ठेव मुलीला. कपाटातल्या साड्याही तिलाच, पण जांभळी सोडून. ती मी गुरुवारी नेसणार आहे आणि फाटेपर्यंत नेसणार आहे.

कलम तिसरे. कारखाना बंद झाला तेव्हा मला भेट मिळालेले भोंग्याचे बटण माळीबुवांना द्यावे. कारण असे. रोज सकाळी आठला ते दाबणे हे माझे एकतीस वर्षांचे काम. माझा थोरला भाऊ गणिताचा मास्तर. एकदा जेवताना तो म्हणाला, "तारे, झाडं, तू, मी, सगळं एकाच साखळीत बांधलेलं. उद्याही तू आठलाच बटण दाबणार. दुसरं काही करूच शकत नाहीस."

दुसऱ्या दिवशी आठच्या ठोक्याला माझे बोट बटणावर होते आणि भोंग्याने हादरणाऱ्या खिडकीच्या चौकटीवरचा कोष फुटत होता. आतल्या फुलपाखराला आपली वेळ मागेपुढे करता येत नव्हती. मला येत होती! आठ वाजायचे ते वाजतात. पण त्या वेळी मी काय करायचे, हे घड्याळ ठरवत नाही. मी बोट उचलले. इंजिनियरसाहेब धावत आले. "बाई, भोंगा!"

"थांबा साहेब, पंख ओले आहेत."

मागोमाग कारखान्याचे माळीबुवा आले. तेही शेजारी उभे राहून बघत राहिले. भोंगा अकरा मिनिटे उशिरा वाजला. मला महिनाभर घरी बसवले. त्या महिन्यात मी सायकल शिकले. दादा म्हणाला, "हेही ठरलेलंच होतं." मी तीन महिने अबोला धरला.

कलम चौथे. वडिलांची दुर्बीण, जिच्यावरून आम्ही लहानपणापासून भांडत आलो, ती दादाला.

इथवर लिहून झाल्यावर वकीलबाईंनी सांगितले, की साक्षीदाराला मृत्युपत्रातले काही मिळत नाही. दादा तर साक्षीला येऊन बसलेला. मी विचारले, "दादा, सही की दुर्बीण?"

"ते ठरलेलंच असणार."

"मग सांग की!"

दादा पेन घेऊन खोलीभर फिरला. बसला, उठला, दोनदा पाणी प्यायला. मी इतकी हसले, की माळीबुवांना माझी पाठ थोपटावी लागली. शेवटी, "तुझ्या कागदावर माझी सही नको तर कुणाची?" म्हणत त्याने टोपण काढले.

सबब कलम चौथे रद्द. दुर्बीण मी आत्ताच त्याच्या मांडीवर ठेवली आहे. जिवंतपणी द्यायला कायद्याची आडकाठी नाही.

लिहून देणार : भोंगेबाई (सही)
साक्षीदार : १. थोरला भाऊ, निवृत्त गणितशिक्षक (सही, अक्षर त्याचेच)
२. डॉक्टरीणबाई (सही)
स्थळ : माझे स्वयंपाकघर
दिनांक : लग्नाआधीचा सोमवार, सकाळ