भाकरीने अडवलेलं पाणी

बाबा, परवा काम करताना माझ्या हातातून कथलाची कांडी दोनदा निसटली आणि तुमचा तो तापाचा दिवस आठवला. चोपन्न-पंचावन्न साल असेल. नवऱ्याने दुसरी बायको केल्यावर मी अहेरीला तुमच्याकडे परत आले, त्याला दोन वर्षं झाली होती. तुम्ही मला एकदाही काही विचारलं नव्हतं. मीच घरात दबून वावरायचे, जेवायला बसतानासुद्धा. दिवसभर तुमच्या दुकानात बसून भांडी घासून द्यायचे आणि तुम्ही कथील वितळवून डाग कसा देता ते बघायचे.

त्या सकाळी गावात बाळंतपणं करणाऱ्या डॉक्टरीणबाईंचा निरोप आला. त्यांच्या बंगल्यात चुलीमागच्या तांब्याच्या टाकीपासून गरम पाण्याचा पाइप तुम्हीच घातला होता. बाळंतिणीच्या खोलीत तो शिरतो तिथेच त्याचा सांधा उकलला होता आणि पाणी भिंतीवरून थेट खाटेवर उतरत होतं. दुसरी खोली नव्हती. जंगलातल्या गावाहून एक पहिलटकरीण बैलगाडीने येऊन पोचली होती, व्हरांड्यात सासूच्या मांडीवर डोकं ठेवून कण्हत होती. तुम्हाला हिवताप भरलेला. तरी चादर गुंडाळून तुम्ही निघालात, मी हत्यारांची पेटी घेतली. तिथे ब्लोलँप, तो ज्योत फेकणारा दिवा, पेटवून उचललात आणि तुमचा हात इतका हलायला लागला की ज्योत भिंतीभर फिरली. तुम्ही दिवा माझ्यापुढे धरलात. "घे. तू कर."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे नीट पाहिलं. "जमेल हिला?"

"मी बसून राह्यलो ना इथी," तुम्ही म्हणालात.

मी टाकीचा कॉक फिरवून बंद केला आणि घाईघाईने सांध्यावर ज्योत धरली. कथील लावलं तर त्याचे मणी होऊन खाली पडले. पुन्हा लावलं, पुन्हा पडले. आणि तुम्ही खेकसलात, बाईंसमोर, व्हरांड्यातल्या त्या सासूलाही ऐकू जाईल असं. "पाइपात पानी हाये. पानी असंन तं तांबं तापत नाई, कथील धरत नाई. दोन वर्षं काय पाहून राह्यली तू?" माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पण मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की मी बघत असते हे तुम्हाला ठाऊक होतं.

कॉक झिजलेला. कितीही आवळला तरी पाण्याची बारीक धार येतच होती. टाकी रिकामी केली असती तर बाळंतपणासाठी तापवलेलं सगळं पाणी गेलं असतं. मी उकललेला सांधा ओढून मोकळा केला, जुनं कथील पुसलं, तांबं चकचकीत होईपर्यंत घासलं, कथील धरावं म्हणून नवसागर लावला, तरी धार चालूच. तेव्हा तुम्ही म्हणालात, "भाकर दे." सकाळपासून तुमच्या पोटात काही नव्हतं, मला वाटलं, चला, भूक लागली म्हणजे ताप उतरतोय. बरोबर बांधून आणलेलं फडकं सोडून ज्वारीची भाकरी तुमच्या हातात ठेवली. तुम्ही तिचा मऊ भाग काढलात, गोळा वळलात आणि मला परत दिलात. "पाइपात कोंब. आतवर. थोडा वेळ पानी धरते, मंग भिजून नळातून निंघून जाते."

धार थांबली. मी सांधा जोडला. या वेळी ज्योत तांब्यावर धरली, कथील फक्त दुसऱ्या बाजूने टेकवलं, आणि ते आपोआप आत ओढलं गेलं, सगळ्या कडेने एक चंदेरी रेघ उमटली. "आता हलवू नको," तुम्ही म्हणालात. मी श्वाससुद्धा धरून उभी. रेघ मंद पडली. कॉक उघडला. नळाने आधी भाकरीचा लगदा ओकला, मग गढूळ पाणी, मग स्वच्छ, कढत पाणी. सांध्याखाली मी तळहात धरून होते. कोरडा.

बाईंनी खाट पुसून घेतली, कोरडी गादी घातली, पहिलटकरणीला आत घेतलं आणि आम्हाला बाहेर काढलं. व्हरांड्यात मी भिंतीला टेकून खाली बसले. ऊन कलताना आतून मूल रडलं. सासूने मला पोटाशी धरलं आणि गोंडीत काहीतरी बोलली. मला शब्द कळले नाहीत. तुम्ही उरलेली भाकरी खात होतात.

त्यानंतर बंगल्यावरची कामं माझ्याकडे आली, मग दुकानही. आयुष्यभर कुणापुढे हात पसरावा लागला नाही. घरात दबून वावरणं कधी सुटलं ते मलाच कळलं नाही.

हे पत्र कुठे टाकणार? वहीतच राहील. पण एक गोष्ट लिहून टाकते. पुढच्या आठवडी बाजारात तुम्ही दिसेल त्याला सांगत होतात, "पोरीनं केलं, मी तं नुसता बसलो होतो." मी घरी तुमच्यावर चिडले, लोकांत असं काऊन बोलता म्हणून. बाबा, तेव्हा मी बांगड्यांच्या दुकानाआड उभी राहून सगळं ऐकलं होतं. आणि बाजाराला एक फेरी मारून पुन्हा ऐकायला आले होते.