फोटोतली हनुवटी

आई, हल्ली दुपारी जेवण झालं की मी उताणी झोपते. तोंड मिटून. तुला ठाऊक आहे, जन्मात मला ते जमलं नव्हतं. पाठीवर पडलं की जीभ मागे जायची आणि घशात कुणी बूच मारल्यासारखं व्हायचं. आता तासभर निवांत झोपते आणि उठल्यावर डोकं दुखत नाही. तुला बरं वाटावं म्हणून हे कळवते आहे असं समजू नकोस. तुला जाऊन इतकी वर्षं झाली तरी माझा राग काही गेला नाही, आणि आज तो सगळा मांडायचाच असं ठरवून चहाचा कप घेऊन बसले आहे. सगळं शिक्षण हिंदीत झालं, मराठी लिहायची सवय नाही, ऱ्हस्वदीर्घ चुकतील. तू त्यावरही बोलली असतीस.

धारच्या घरातलं स्वयंपाकघर. मी पाटावर बसून मटार सोलते आहे, तू पोळ्या लाटते आहेस, आणि मान न वळवता तुला कळतं की माझं तोंड उघडं आहे, कारण श्वासाचा आवाज येतो. "मीट ते. माशी जाईल." मी मिटते. दहा-बारा श्वास नाकाने कसेबसे घेते, मग छातीत कोंडतं आणि तोंड आपोआप उघडतं. लगेच कालथ्याची उलटी बाजू हनुवटीखाली, टक. "तोंड मीट" हे तू मला जितक्या वेळा म्हणालीस तितक्या वेळा माझं नावही घेतलं नसशील. आणि हनुवटी तरी कुठे होती? ओठाखाली सरळ गळ्याकडे उतार. तो उतार तुझ्याकडूनच आला होता, पण तू तुझा पदराने झाकायचीस. चारचौघांत बोलताना पदराचं टोक ओठांशी, हसताना पदर, फोटोत पदर. लोकांना वाटायचं, काय मर्यादशील बाई, दरबारी घराण्यातली! दरबारी घराणं म्हणे. आजोबा दरबारात दप्तरावर कारकून होते, पण तुझ्या तोंडी ते दर दिवाळीला एक पायरी वर चढायचे. मी चोवीस वर्षांची होईपर्यंत जवळजवळ दिवाण झाले होते.

त्या चोविसाव्या वर्षीच तू मला लग्नाच्या फोटोसाठी स्टुडिओत नेलंस. फोटोवाला बिचारा घाम पुसत म्हणत होता, "बेबी, ठुड्डी ज़रा आगे. और आगे. अरे, और आगे करो ना." असती तर केली असती. शेवटी तू त्याला बाजूला घेतलंस. "भिया, कुछ हो सकता है क्या?" मग त्याने निगेटिव्ह काचेच्या पेटीवर ठेवली, खालून दिवा लावला, आणि सुईसारखं टोक केलेल्या पेन्सिलीने, तू शेजारी उभी राहून सांगशील तशी, मला हनुवटी काढून दिली. "थोडी गोल. बस, बस." फोटो धुऊन आला तेव्हा त्यात एक वेगळीच मुलगी होती. छान दिसत होती, खोटं कशाला बोलू. तो फोटो देवासला गेला. मुलाचे वडील कारखान्यातल्या नोकरीसाठी महाराष्ट्रातून आलेले, मुलगाही तिथेच लागलेला. पंधरा दिवसांत उत्तर आलं: फोटो पसंत आहे, तुळशीचं लग्न झालं की मुलगी बघायला येतो. दिसतं तसं नसतं म्हणून जग फसतं, हे तू मला शिकवलेलं. जगाला फसवायचं कसं, तेही तूच दाखवलंस.

आता घरात पंचाईत. फोटो पुढे गेला, मुलगी मागे राहिली. त्याच पावसाळ्यात माझ्या डुलक्या वाढल्या होत्या. बी.एड.च्या वर्गात बसल्या बसल्या डोळा लागायचा, आणि झोपेत घुसमटून मी उठून बसायचे. आपल्या धारच्या डॉक्टरांनी घसा बघितला, जबडा चाचपला आणि इंदूरला दाखवा म्हणाले. नुसत्या श्वासासाठी तू मला इंदूरला नेलं असतंस का, सांग. पण ते सहज बोलून गेले की तिथे चेहऱ्याचंही बघतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसला आपण दोघी खिडकीपाशी बसलेल्या होतो.

इंदूरचे ते डॉक्टर मला आजही जसेच्या तसे दिसतात. वयस्क, घाई नसलेले. चेहऱ्याचा बाजूने काढलेला एक्स-रे त्यांनी उजेडावर लावला आणि पेनने दाखवलं, "ये काली पट्टी देख रही हैं? यही साँस का रास्ता है." पट्टी सरबताच्या नळीएवढी. खालचा जबडाच मागे आहे, म्हणून जीभ मागे, म्हणून श्वास अडतो, झोप पुरी होत नाही आणि दिवसा डुलक्या येतात, असं त्यांनी समजावून सांगितलं. उपाय दोन. एक, नुसती हनुवटी: पुढचं हाड कापून पुढे सरकवायचं, स्क्रूने बसवायचं. चार दिवसांत घरी, दोन-तीन महिन्यांत सूज गेलेली. चेहरा सुधारेल, श्वासाला फरक पडला तर थोडाफार. दुसरा, पूर्ण जबडा: आधी वर्ष-दीड वर्ष दातांना तारा, मग जबडा दोन्ही बाजूंनी कापून पुढे, मग सहा आठवडे वरचे-खालचे दात एकमेकांना बांधलेले आणि नळीने पातळ खाणं. त्रास मोठा, पण रस्ता मोकळा होईल. "मैं तो जबड़ा ही कहूँगा," ते म्हणाले. "इस बच्ची को साँस चाहिए."

आणि तू पर्स उघडलीस. तो फोटो काढून त्यांच्या टेबलावर ठेवलास. "डॉक्टर साब, ऐसी कर दीजिए." त्यांनी फोटो बघितला, मग मला बघितलं, मग पुन्हा फोटो. "ये किसकी है?" तू म्हणालीस, "इसी की." मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. "दाँतों में तार लेकर बैठी लड़की को डेढ़ साल कौन देखने आएगा?" तू त्यांनाच विचारत होतीस. "और साँस तो हमारे यहाँ सबकी ऐसी ही है. मेरी माँ की भी ऐसी थी." हो, तुझ्या माहेरच्या सगळ्या बायका घोरायच्या, आणि साठीच्या आत झोपेतच जायच्या. 'भाग्याचं मरण' म्हणायचीस तू त्याला. या दोन गोष्टी जोडून बघायचं तुला कधी सुचलं नाही. दवाखान्यातून निघून बसस्टँडवर तू मला उसाचा रस पाजलास, आणि रस संपेपर्यंत शस्त्रक्रियेचा दिवसही ठरवून टाकलास. हनुवटीच्या.

तुळशीचं लग्न झाल्यावर देवासची मंडळी आली. आणि आई, तुला आठवतं का? फोटोत त्या मुलाच्या कपाळावर दाट झुपका होता आणि प्रत्यक्षात टाळूपर्यंत सपाट मैदान! म्हणजे देवासचा फोटोवालाही पेन्सिल बाळगून होता. पण त्याचं डोकं काही कुणी कापलं नाही. "पुरुषाचं काय बघायचं, नोकरी पक्की आहे," असं म्हणून तू मोकळी झालीस. माणूस चांगला निघाला, ते तुझं कर्तृत्व नव्हे. लग्नाच्या पंगतीत श्रीखंड माझ्या नव्या हनुवटीवर सांडलं तरी मला कळलं नाही, कारण तिथलं हाड सरकलं आणि संवेदना गेली ती गेलीच. त्याने हळूच स्वतःच्या हनुवटीला बोट लावून खूण केली. ती खूण तो अजून करतो.

देवासला मी शाळेत गणित शिकवायला लागले. फळ्यावर उदाहरण घालायचं, मुलं सोडवायला लागली की खुर्चीवर टेकायचं, आणि संपलं. "मैडम फिर सो गईं" हे मी किती वेळा ऐकलं असेल. मुख्याध्यापकांनी दोनदा बोलावून सुनावलं. घरी सासूबाई म्हणायच्या, सूनबाईला झोपेचं वरदान आहे. सुंदर हनुवटी पुढे काढून मी सगळं ऐकून घेत होते. अशी दहा-अकरा वर्षं. मग एक दिवस शाळा सुटल्यावर लेकीला मागे बसवून स्कूटीवरून येताना बायपासच्या वळणावर माझा डोळा लागला. दोन सेकंद, फार तर तीन. आम्ही रस्त्याच्या कडेला खडीत जाऊन पडलो आणि शेजारून ट्रक हॉर्न वाजवत गेला. मला खरचटलं. पोरीचा हात मनगटातून मोडला.

तू धारहून मेथीचे लाडू घेऊन आलीस. नातीसाठी मऊ भात ढवळत शेगडीपाशी उभी होतीस, आणि माझ्याकडे न बघता विचारलंस, "तेव्हा जबडाच करायला हवा होता का गं?" मी कोशिंबिरीसाठी काकडी चोचवत होते. सुरी खाली ठेवली नाही. "हो," म्हटलं. "डॉक्टर कानीकपाळी ओरडत होते. तू करू दिलं नाहीस. परवा पोर ट्रकखाली गेली असती ना, तर ती तुझ्या त्या फोटोपायी गेली असती." तू पदर तोंडाशी नेलास. लेकीच्या घरात, लेकीसमोर, झाकण्यासारखं काही नसताना. मग म्हणालीस, "चुकलं माझं." हा शब्द मी तुझ्या तोंडून आयुष्यात पहिल्यांदा ऐकला, आणि मला तो साखरेसारखा गोड लागला, आई. "जाऊ दे" असं मी म्हणायला हवं होतं. नाही म्हटलं. ठरल्यापेक्षा दोन दिवस आधीच तू परतलीस, आणि पुढची संक्रांत यायच्या आत गेलीस. झोपेत, तुझ्या आईसारखीच.

मेल्यावरही तुला सोडलं नाही मी. भिंतीवर हार घालायला फोटो हवा होता. दादाने तुझा समोरून काढलेला, पदर धरलेला शोधून आणला. मी दुसरा दिला. कुणाच्याशा मुंजीतला, बाजूने घेतलेला, पंगतीत खळखळून हसताना पदर निसटलेला. ओठाखालचा उतार चांगला गळ्यापर्यंत दिसतो. स्टुडिओत मी मुद्दाम सांगितलं, "भिया, टचिंग बिलकुल मत करना. जैसी हैं वैसी रखना." दादा अजून कुरकुरतो. येणारा-जाणारा हात जोडतो आणि तुझा तो उतार बघतो.

मग मी जबडा केला. इंदूरलाच, एकटी गेले, कुणाला विचारलं नाही. झोपेची तपासणी झाली, आणि नव्या डॉक्टरांनी एक्स-रे बघून म्हटलं, हनुवटीचं काम सुबक झालं आहे, फक्त दुखणं तिथे नव्हतंच. चाळिशीच्या उंबरठ्यावर दातांना तारा लावून मी वर्गात उभी राहिले. पोरं हसली. हसू दिलं. जबडा कापला, बांधला, महिनाभराहून अधिक काळ नवऱ्याने मुगाचं कढण आणि कढी गाळून गाळून नळीने पाजली. दात सोडले तेव्हा मी पहिल्यांदा नाकाने पोटभर श्वास घेतला आणि दवाखान्यातच घळाघळा रडले. पुढे एका लग्नात मावशी म्हणाली, "अगं, तू तर आईसारखी दिसेनाशीच झालीस!" मी म्हटलं, "बरं झालं." आणि मनापासून म्हटलं.

चहा कधीचा गार झाला आहे. हे पत्र तुला पाठवता आलं असतं तर पुढचं मी लिहिलं नसतं. इंदूरच्या दवाखान्याचं लिहिताना मी मधलं थोडं गाळलं. तू फोटो टेबलावर ठेवल्यावर, वाद घातल्यावर डॉक्टर तुला म्हणाले होते, "माताजी, आप पाँच मिनट बाहर बैठिए." तू बाहेर बाकावर जाऊन बसलीस. दार लावून त्यांनी मला विचारलं, "बेटा, तुम बताओ. तुम जबड़ा कहोगी तो माताजी को समझाना मेरा काम है." एक्स-रे समोर लावलेलाच होता. मी त्याच्याकडे बघितलंही नाही. मी टेबलावरच्या त्या मुलीकडे बघत होते. "ठुड्डी," मी म्हटलं. त्यांनी पुन्हा एकदा विचारलं, मी पुन्हा तेच म्हटलं. बाहेर आले तेव्हा तू लगबगीने उठलीस, "काय म्हणाले गं?" मी म्हटलं, "काही नाही. आईच्या मनात असेल तेच करू, म्हणाले." देवासला माझ्या स्वयंपाकघरात "चुकलं माझं" असं तू म्हणालीस ना, तेव्हा हे सगळं मला लख्ख आठवत होतं.