ठकीच्या पोटाचं दुखणं

लाडक्या ठकीस,

'चि.' लिहायला गेले आणि हात थांबला. तुला जाऊन आज बारा दिवस झाले. सकाळी कल्हईवाला गल्लीत आला आणि तुझं पोट का बिघडायचं ते मला कळलं. कुणाला सांगू? म्हणून तुलाच लिहिते.

वर्षभर ओकत होतीस गं! मीही कशाकशाला दोष दिला. आधी पालीला, मग चाटून पोटात गेलेल्या केसांना. गुरांचे डॉक्टर म्हणाले, दूध बाधत असेल, बंद करून बघा. मग मी शहाणीने ताकभात सुरू केला आणि तू जास्तच खंगलीस. चोरून काहीबाही खातेस म्हणून एकदा तुला बडवलंही. तेव्हा तू माझ्याकडे जसं बघितलंस, ते आठवलं की घास उतरत नाही.

आम्ही सटाण्याला लग्नाला गेलो, तेव्हा आठ दिवस तू शेजारच्या अमीनाबींकडे होतीस. तिथे एकदाही ओकली नाहीस! खायला ताकभातच होता, पण मातीच्या परळात. घरी आलीस आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी उलट तुझ्यावरच रुसले. परक्या घरचं गोड लागतं होय गं?

तुझी तांब्याची वाटी ह्यांनी स्वतः ठोकून केली होती. कल्हई करून घे, असं सांगून माझ्या हाती दिली होती. दोनदा कल्हईवाला आला, दोनदा मी ती मागे ठेवली. मांजरीला कसली कल्हई! मी तांबटाची बायको. बिनकल्हईच्या भांड्यात ताक कळकतं, पोटात विषासारखं बाधतं, हे गल्लीतल्या नव्या सुनांना मीच शिकवते. आज वाटी उजेडात धरली, तर तळ हिरवा झालेला.

आणि हे स्वतःलाच दोष देत बसलेत. तू गेल्यापासून त्यांनी घरात हातोडा उचललेला नाही. आज जेवतानाही म्हणाले, "माझ्या ठोक्यांनी तिचा जीव घाबरायचा. त्यानंच तिच्या पोटात काही ठरलं नाही." तेव्हा मला खरं कारण ठाऊक होतं, ठके. तरी मी खाली मान घालून भात वाढला.

किती भित्रं असावं एखादीनं?

आता ते देवळातून येतील. चूल पेटवायच्या आधी वाटी त्यांच्यापुढे ठेवेन आणि सांगेन, तुमचा हातोडा उचला, ठकी माझ्या हातानं गेली. तुला शब्द देते.

तुझी अपराधी,
यमुना