जमादाराचा डावा पाय

९ जानेवारी १९५८, गुरुवार

जमादार आज भिंतीवर चढला नाही. मी डालं उचललं तरी बसूनच राहिला आणि तिथूनच आरवला, तेही उन्हं अंगणात आल्यावर. आमच्या घरात घड्याळ म्हणजे तोच. यांची, म्हणजे मास्तरांची, जनपदची शाळा सकाळची, आणि मास्तर त्याच्या भरवशावर झोपणार. आज न्याहारी न करताच पळाले. जाता जाता मलाच म्हणतात, "कोंबड्यावर लक्ष ठेवत जा." म्हणजे उशीर त्यांना झाला तो माझ्यामुळे!

पाहिलं तर डावा पाय वर धरून उभा. तळवा लिंबाएवढा सुजलेला, मधोमध काळी खपली. हात लावायला गेले तर मनगटावर चोच मारली.

सासूबाईंना हाक मारली. मी त्यांना आत्याबाईच म्हणते. त्या दुरूनच पाहून म्हणाल्या, "पायापासून सुरू झालं व बाई. पायापासूनच वर चढत असते थे."

"कोण?" मी विचारलं.

त्यांची नजर कोनाड्याकडे गेली. पूर्वी तिथे देव होते. आता मास्तरांच्या शाईच्या दौती आहेत.

१० जानेवारी

कोण, ते मला ठाऊक आहे. मरीमाय.

छप्पन सालच्या उन्हाळ्यातली गोष्ट. लग्नाला दोन वर्षं झाली तरी मला दिवस जाईनात, म्हणून आत्याबाईंनी नवस बोलला — सुनेला दिवस जाऊ दे, तुला कोंबडा देईन. अंड्यातून नुकतंच निघालेलं एक पिल्लू देवीच्या नावानं सोडलं. तोच हा जमादार. आणि त्याच वर्षी दसऱ्याला आम्ही सगळे नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलो. आत्याबाईंनी सगळ्या प्रतिज्ञा मोठ्यानं म्हटल्या. घरी येऊन देव स्वतःच्या हातानं नदीत सोडले. त्या दिवशी रडल्या नाहीत, मीच रडले.

पण कोंबडा नदीत कसा सोडणार? तो राहिला. आता तो देवीचाही नाही आणि आमचाही नाही. विकायचा नाही, कापायचा नाही, त्याला हाड् म्हणायचंही नाही. मास्तर म्हणतात, "नवस रद्द. विषय संपला." आत्याबाई मान हलवतात आणि संध्याकाळी त्याला निवडलेली ज्वारी टाकतात. आम्ही खातो ती खड्यांची.

एकूण हिशेब असा की मला दिवस जात नाहीत तोवर जमादार जिवंत. दिवस गेले की त्याची पाळी. गावातल्या बाया माझ्याकडे पाहून चक् चक् करतात तेव्हा जगात एक तरी प्राणी खूश असेल. आज त्याला तोंडावर सांगितलं, "तुझं बरं आहे रे बाबा." मान तिरपी करून ऐकून घेतलं.

१२ जानेवारी, रविवार

आज सुट्टी म्हणून मास्तरांना कामाला लावलं. घमेल्यात कडुनिंबाचा पाला उकळून, मीठ घालून कोमट पाणी केलं. मास्तरांचं जुनं धोतर घेतलं, त्यात जमादाराला गुंडाळायचं आणि फक्त डावा पाय बाहेर काढून पाण्यात धरायचा. एवढंच काम. चाळीस पोरांचा वर्ग सांभाळणारा माणूस, पण एक कोंबडा धरता येईना. आधी शेपटीकडून गुंडाळला. मग डोकं आत आणि दोन्ही पाय बाहेर. मग धोतर मास्तरांच्या हातात आणि जमादार ओसरीवर.

शेवटी मीच गुंडाळला. गरम पाण्यात पाय गेल्यावर साहेब डोळे मिटून बसले. तेवढ्यात मास्तर म्हणाले, "पाहा, माझ्याजवळ कसा शांत बसला." त्यानं लगेच अंगठ्याला चोच मारली.

१३ जानेवारी

मास्तरांच्या अंगठ्याला हळद, जमादाराच्या पायाला हळद. एका वाटीत भागलं.

१५ जानेवारी

जयवंता मावशी आल्या. आत्याबाईंची थोरली बहीण, नांदगाव खंडेश्वरच्या. दीक्षा त्यांनीही घेतली आहे, आमच्याबरोबरच होत्या. पण त्यांचं म्हणणं वेगळं. "दीक्षा घेतली थे बराबर केलं. पण तोंडातून बोललेलं थे बोललेलं. थे कुठी जात नाही."

आल्या आल्या माझ्या पोटाकडे पाहिलं आणि नंतर कोंबड्याकडे. "सून अजून तशीच काय?" असं विचारतील असं क्षणभर वाटलं. जमादाराला काखेत उचलून वजन पाहिलं. पाय पाहून आत्याबाईंना म्हणाल्या, "सुंदरे, हा लंगळा झाला तं नवसातून सुटला बरं. खोडीचा जीव मरीमाय घेत नाही. तिचा कायदाच हाय तसा. वेळ आली तं कामी येईन, नीट करून ठेव त्याले."

आत्याबाई म्हणाल्या, "इंदू करून राहिली ना औषध."

मी हातातली हळदीची वाटी खाली ठेवली. म्हणजे मी याचा पाय बरा करायचा तो कशासाठी, तर मरीमायपाशी चालत जाता यावं म्हणून!

१६ जानेवारी

सकाळपासून औषध केलं नाही. लंगडा राहिला तर वाचेल, असा विचार केला. मोठी हुशार मी. दुपारी जमादार पाणी प्यायला निघाला. एका पायावर उडी, थांबायचं, पुन्हा उडी. घमेल्यापाशी पोचता पोचता तोंडावर पडला. पंख आपटले आणि तसाच पडून राहिला.

मी उठून चूल पेटवली. जवस कुटून पोटीस शिजवायला लागले. दुखतं ठेवून जीव वाचवणं माझ्याच्यानं होत नाही. पुढचं पुढे पाहू.

जवसाच्या वासानं एवढं मळमळलं की दोनदा बाहेर जाऊन यावं लागलं. पाय पाहूनच तसं झालं असणार.

१९ जानेवारी, रविवार

आज निकाल लागला.

मावशी काल गावी गेल्या. तीन दिवस पोटीस बांधून खपली मऊ झाली होती. मास्तर म्हणाले, "मला शाळेचं काम आहे." रविवारी! तेव्हा आत्याबाई आपणहून पुढे आल्या. भिंतीला टेकून बसल्या, कोंबडा मांडीवर घेतला, पदर त्याच्या डोळ्यांवर टाकला. हूं की चूं नाही. मी सुई चुलीत तापवून घेतली, खपलीची कड उचलली आणि दोन्ही बाजूंनी दाबलं. आधी पाणी आलं, मग घट्ट पिवळी गाठ, अगदी सरकीएवढी. आणि त्या गाठीत काय? पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काडीचं धसकट. नखाएवढं, टोकदार.

मी ते तळहातावर घेतलं आणि म्हटलं, "ही घ्या तुमची मरीमाय."

बोलायला नको होतं. आत्याबाईंचा चेहरा उतरला. पण म्हणाल्या एवढंच, "तोंड लय चालते तुहं. हयद भर आधी." मी हळद भरली. पट्टीला त्यांनी आपल्या जुन्या जांभळ्या लुगड्याची कड फाडून दिली. चांगली मऊ होती. ते लुगडं त्या मला गोधडीलाही देत नव्हत्या.

हात धुतल्यावर मला उलटी झाली. मास्तर म्हणाले, "एवढ्याशा रक्ताला?" रक्त पाहायला ते होते कुठे!

२० जानेवारी

चुलीशी बसलेली असताना आत्याबाई एकाएकी म्हणाल्या, "कुंपनावर पऱ्हाटी म्याच रचली होती. थो तिथूनच उळ्या मारते." आणि भाकरी थापत राहिल्या. आज कुंपणाच्या आतली पऱ्हाटी सगळी उचलून मागे नेलेली दिसली. एकटीनं नेली. मला हाकही मारली नाही.

२६ जानेवारी, रविवार

शाळेची प्रभातफेरी आमच्या दारावरून गेली. मास्तर पुढे, छाती काढून. पोरांनी घोषणा दिली आणि जमादार पट्टीच्या पायानं भिंतीवर चढून आरवला. पोरं हसायला लागली, ओळ मोडली. मास्तरांनी त्याच्याकडे जसं डोळे वटारून पाहिलं तसं ते इन्स्पेक्टर आल्यावर पोरांकडेही पाहत नाहीत.

मला फार आनंद झाला.

२ फेब्रुवारी, रविवार

डावा तळवा सपाट झाला. नवी कातडी आली. आत्याबाईंनी स्वतः पट्टी सोडली, धुतली, वाळवली आणि घडी करून आपल्या पेटीत ठेवली. "काहून ठेवता?" म्हटलं तर "असू दे, लागते," म्हणाल्या.

हल्ली त्याला फारच जपून राहिल्या आहेत. ज्वारीबरोबर भिजवलेली डाळ. काल तर गुळाचा खडा. जमादार नुसता गुबगुबीत झाला आहे. मला हे लक्षण बरं दिसत नाही. मास्तरांना म्हटलं तर म्हणतात, "तुला सगळ्यांचा संशय." मला सगळ्यांचा नाही, एकीचाच आहे.

९ फेब्रुवारी

फोडणीचा वास सहन होत नाही. चिंच मात्र चालते. मास्तर म्हणतात, ऊन वाढलं. दुसऱ्यांदा तारीख टळली आहे. हे मी या पानालाही सांगणार नव्हते. असं पूर्वी एकदा वाटलं होतं आणि मग काही नव्हतं. म्हणून गप्प.

१५ फेब्रुवारी, शनिवार

सरकारी दवाखान्यात गेले. तिथल्या बाईंनी तपासलं. तिसरा लागला म्हणाल्या. मी पुन्हा विचारलं. पुन्हा तेच म्हणाल्या, जरा चिडून.

घरी येताना बाजारातून आले. काय घ्यायचं होतं ते विसरले. पिशवी रिकामीच आणली.

१७ फेब्रुवारी, सोमवार

आज आत्याबाईंना सांगितलं. मास्तरांच्या आधी. त्या दाणे पाखडत होत्या. सूप तसंच हातात राहिलं. मग उठल्या, माझ्या तोंडावरून हात फिरवून कानशिलाशी बोटं मोडली आणि रडायला लागल्या. देव नदीत सोडताना न रडलेली बाई. मीही रडले.

मग दोघींनी एकाच वेळी अंगणात पाहिलं. जमादार भिंतीवर उभा. दोन्ही पाय घट्ट, तुरा लाल, उन्हात नुसता चमकत होता. कुठे खोड म्हणून नाही. सगळी माझ्या हातची करणी.

"उद्या मंगळवार हाय, तिचा वार," आत्याबाई म्हणाल्या. "जयवंता येऊन राहिली." एवढंच बोलून सूप उचललं.

संध्याकाळी मास्तरांना सांगितलं. आधी घरभर फिरले. पाणी प्यायला म्हणून गेले आणि रिकामाच पेला घेऊन आले. मग मी कोंबड्याचं बोलले. म्हणाले, "आपल्या घरात असलं काही होणार नाही. मी आईला सांगतो." गेले आणि लगेच परत आले. "आई नुसती पेटी उघडून बसली आहे."

चार वर्षं मला हेच हवं होतं. आज मिळालं आणि मी कोंबड्यासाठी डोळे पुसत बसले आहे. आणि खरं लिहायचं तर आणखी एक गोष्ट. मघाशी मनात आलं, देऊन टाकावा का? पोटातल्याला काही झालं तर? सातवी पास मी, दीक्षा घेतलेली मी, त्याच्या पायातून पऱ्हाटी माझ्या हातानं काढलेली मी. तरी मनात आलं. मग आत्याबाईंना मी कोणत्या तोंडानं बोलू?

जमादाराला डाल्याखाली घातला तेव्हा त्यानं आज चोच मारली नाही. मारायला हवी होती.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

मावशी सकाळच्या मोटारीनं आल्या. मला उठायला उशीर झाला. जमादार आरवला होता की नाही ठाऊक नाही. बाहेर आले तर तो डाल्याखालीच, पायाला जांभळी पट्टी, वर हळदीचा जाड लेप.

"पाय पुन्हा बिघळला व," आत्याबाई मावशींना सांगत होत्या. "आता लंगळाच राहते थो. खोडीचा जीव देवी घेत नाही, तूच सांगतलं होतं. आता तिचाच कायदा हाय तं आपुन काय करावं?"

मावशी डाल्याशी वाकल्या, चक् चक् केलं आणि चहा मागितला.

चहा घेऊन गेले तेव्हा मी नीट पाहिलं. पट्टी उजव्या पायाला होती.

आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी कपबशी मावशींच्या हातात दिली, आणि डालं जरा भिंतीकडे सरकवून ठेवलं.